चार ओळी आणि त्यांच्याखालचं नाव

मित्रांनो, मी जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या पानांचा चहासारखा रंग बघितला की तुमचं तुम्हालाच कळेल. दोनशे पानं, जाड पुठ्ठा आणि निळ्या कापडाचा कणा असलेली मी एक वही आहे. साधीसुधी नव्हे हं, कवितांची वही! माझ्यात एकशे बासष्ट कविता आहेत आणि त्यांतली एकही छापलेली नाही. सगळ्या कुणी ना कुणी वाचून, आवडल्या म्हणून, हाताने उतरवून घेतलेल्या. मला त्याचा थोडा गर्व आहे. म्हातारपणी एवढा असू द्यावा.

माझा जन्म कोल्हापूरचा. तिथल्या एका बाइंडरने मला दोऱ्याने शिवलं, खळ लावली आणि दगडाखाली दाबून ठेवलं. मग गठ्ठ्यात बांधून, एस.टी.च्या टपावर बसून, घाट उतरून मी मालवणला आले. बाजारातल्या एका दुकानाच्या फळीवर आम्ही बारा बहिणी उभ्या होतो. एक शाळेत गेली, तिच्यात बेडकांच्या आकृत्या काढल्या. एक मच्छीमारांच्या संस्थेत गेली आणि दोन दिवसांत तिला बांगड्याचा वास यायला लागला. माझं काय होणार याची मला फार धास्ती वाटायची.

मग एके दिवशी आल्बिना आली. ते १९८४ साल होतं. तिने मला हातात घेतलं, मधोमध उघडलं आणि आधी वास घेतला. ज्याला वह्यांचं वेड असतं ना, तो माणूस पहिल्यांदा हेच करतो. मी मनातल्या मनात म्हटलं, सुटले!

आल्बिना तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. तुम्हाला आता गंमत वाटेल, पण त्या काळी मालवणातून मुंबईला फोन करायचा तर मध्ये एक माणूस लागायचा. तो एकीकडची तार दुसरीकडे जोडून द्यायचा, तेव्हा कुठे बोलणं व्हायचं. ते काम आल्बिनाचं. दुपारी गाव जेवून आडवा झाला की फोन थांबायचे. त्या वेळी ती कानावरचं यंत्र काढून ठेवायची आणि मला उघडायची.

रविवारी चर्चमधून परत येताना ती वाचनालयात जाई. तिथले जुने अंक घरी न्यायला देत नसत. मग ती पडवीच्या पायरीवर बसून, मला गुडघ्यावर ठेवून, कविता उतरवून घ्यायची. तिची एक शिस्त होती. कविता काळ्या शाईने आणि कविता संपली की उजव्या बाजूला कवीचं नाव निळ्या शाईने. नावाशिवाय तिने एकही कविता घेतली नाही. 'ज्याचां तेका दिवक व्हयां,' म्हणजे ज्याचं त्याला द्यायला हवं, असं ती म्हणायची.

आता माझं एक गुपित सांगते. वही मिटली की समोरासमोरच्या पानांवरच्या दोन कविता एकमेकींच्या कुशीत येतात. तुम्हाला वाटतं, वही नुसती पडलेली आहे. तसं नसतं. माझ्या विसाव्या पानावर वादळाची कविता आहे आणि एकविसाव्यावर निजलेल्या बाळाची. मी मिटलेली असले की ते बाळ वादळाच्या अंगावर झोपतं आणि वादळ अगदी हळू श्वास घेतं. एका कवितेतली चिमणी पलीकडच्या कवितेतल्या विहिरीवर पाणी प्यायला जाते. मी हे सगळं अर्धवट झोपेत ऐकत असते. बाहेर समुद्राचा आवाज चाललेला असतो. कुठला आवाज आतला आणि कुठला बाहेरचा, ते मला पुष्कळदा कळतही नाही. असे माझे दिवस गेले आणि ते फार सुखाचे होते.

पण मी काही एकटीच्या घरात बसून राहिले नाही. आल्बिनाच्या घरापासून दोन घरं सोडून सुशीला राहायची. सुशीला तांडेल. तिचा नवरा गुरुदास बोटीवर होता, म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजावर. एकदा गेला की दीड दीड वर्ष यायचा नाही. घरात सुशीला आणि तिची सासू. आल्बिना आणि सुशीला शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक मेणबत्ती लावणारी, दुसरी तुळशीला पाणी घालणारी. पण कवितेच्या बाबतीत दोघींचं दैवत एकच. मला घरी न्यायचं तर आल्बिनाची अट असे. जो नेईल त्याने परत देताना स्वतःच्या हाताने एक तरी कविता माझ्यात उतरवून द्यायची. अशी मी पुष्कळ घरं फिरले. माझ्यात अकरा हस्ताक्षरं आहेत. सुशीलाचं सगळ्यांत टपोरं आणि चौऱ्याऐंशीव्या पानावर तिच्या अंगठ्याचा हळदीचा ठसा आहे. तो मला एखाद्या कुंकवासारखा वाटतो.

आता जे घडलं ते सांगते.

वाचनालयातल्या एका जुन्या दिवाळी अंकात आल्बिनाला एक कविता सापडली. दूर निघालेल्या एका खलाशाची कविता होती. मागे वळून बघता बघता त्याचा किनारा धूसर होत जातो, आणि आता पुढे काय, म्हणून पान उलटावं तर पुढचं पानच नाही! कुणीतरी फाडून नेलेलं. अर्धी कविता म्हणजे आल्बिनाला मध्येच तुटलेल्या फोनसारखी वाटली. तिकडे कुणीतरी अजून बोलतंय आणि इकडे काहीच ऐकू येत नाही. तिने हातातला पेन खाली ठेवला नाही. शेवटच्या ओळीखाली तिने आपल्या मनाने चार ओळी लिहिल्या.

किनारा दिसेनासा झाला
म्हणून तो संपत नाही;
निघताना लागली ती ओली वाळू
अजून तुझ्या पावलांना आहे.

आणि मग हात सवयीने चालला. तिने निळा पेन घेतला आणि खाली उजव्या बाजूला कवीचं नाव लिहून टाकलं.

लिहिलं आणि जीभ चावली. त्या चार ओळी कवीच्या नव्हत्या ना! पण शाई वाळली होती आणि माझ्यावर खाडाखोड करायला तिचा जीव होईना. कधीतरी दुसरीकडे तो अंक मिळेल, खरा शेवट सापडेल, तेव्हा बघू, असं म्हणून तिने मला मिटलं. मित्रांनो, 'तेव्हा बघू' असं म्हटलेली कामं कधी होत नाहीत, हे मी दोनशे पानांच्या अनुभवावरून सांगते.

सुशीला मला न्यायला आली तेव्हा मात्र आल्बिनाने तिला सगळं सांगितलं. "त्या कवितेच्यो शेवटच्यो चार ओळी माझ्यो आसत गो. त्यो उतरू नको." सुशीलाने तिथल्या तिथे त्या ओळी वाचल्या. मला पदराखाली घेऊन घरी गेली.

त्याच आठवड्यात सुशीलाची सासू वारली. गुरुदासची आई. गुरुदास तेव्हा भर समुद्रात होता. तार गेली, पण जहाज काही मागे फिरत नाही. आईचं तोंड बघणं त्याच्या नशिबी नव्हतं. दिवस झाल्यावर सुशीलाने मला चुलीजवळच्या पाटावर उघडं ठेवलं आणि त्याला पत्र लिहायला घेतलं. पत्रात तिने ती कविता उतरवली. मी उताणी पडलेली होते, त्यामुळे मला फक्त तिची हनुवटी दिसत होती. मधूनच एक थेंब माझ्यावर पडला. पत्रात तिने नेमकं काय आणि कसं लिहिलं, ते मला दिसलं नाही.

वर्षाने गुरुदास परत आला तो सुकून गेला होता. बोटीवर त्याने जेवण सोडलं होतं, कामावर बोलणं सोडलं होतं. कुठल्याशा बंदरात ते पत्र त्याच्या हातात पडलं आणि त्या शेवटच्या चार ओळींनी त्याला उठवून बसवलं, असं तो ज्याला त्याला सांगायचा. आल्बिनाकडे येऊन त्याने मला मागून घेतलं आणि ते पान उघडून खालचं नाव वाचलं. "ह्या माणसान माका जगवल्यान," तो म्हणाला. त्याने त्या निळ्या नावाला हात जोडले. आल्बिना लाजेने लाल झाली. त्याला वाटलं, उकडतंय म्हणून.

तो गेल्यावर सुशीला हसत हसत म्हणाली, "सांगू काय गो तेका? त्या कवीक शोधूक जायत आता!"

"माझी शपथ आसा तुका," आल्बिना म्हणाली. "एक शब्द बोलशीत तर. तो हसात माका."

"हसाचो नाय. तुझां नाव घाल खाली. माका बघूचां आसा."

आल्बिनाने ऐकलं नाही. पुढे सुशीलाने दर वर्षी तिला हे एकदा तरी म्हणून बघितलं आणि दर वर्षी आल्बिनाने शपथेची आठवण करून दिली.

मग दिवस बदलले. एक्स्चेंजमधली तारा जोडायची यंत्रं गेली. लोक आपापले फोन आपणच लावायला लागले. अंक बंद पडले. कुणी मला मागायला येईनासं झालं. आल्बिनाच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला आणि तिने मला पेटीत ठेवलं. वर चादरी, त्यांच्यावर नाताळच्या चांदण्या. कोपऱ्यात डांबराची एक गोळी होती, ती झिजून झिजून नाहीशी झाली आणि मग कसर आली. चांदीसारखी दिसणारी ही कीड अक्षरं खात नाही, पानाची खळ खाते. पण शेवटी गोष्ट एकच. विसाव्या पानावरच्या वादळाचा एक कोपरा तिने खाल्ला. मी झोपून राहिले. अंधारात मला स्वप्नं पडायची. माझ्या सगळ्या कविता एका वाळूवर चालताहेत, पुढे जाताहेत आणि पावलं मागे राहताहेत. मी त्यांना हाका मारायचे, पण वहीला आवाज कुठला?

गेल्या वर्षी सुशीला गेली. पेटीतही ते मला कळलं, कारण आल्बिना पेटीवर बसून रडली.

त्यानंतर काही महिन्यांनी पेटी उघडली. मला बाहेर काढणारे हात तरुण होते. ही रिशेल, आल्बिनाच्या भावाची मुलगी. ती चिवला बीचवर पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जाणाऱ्या लोकांकडे काम करते आणि संध्याकाळी आंटीला सोबत म्हणून घरी येते. समोर खुर्चीत गुरुदास बसला होता. केस पांढरे, पण पाठ अजून ताठ.

"वाचनालयाच्या अंगणात सुशीलाच्या नावान बाकडां बसवतंय," तो आल्बिनाला म्हणाला. "वर संगमरवराची पाटी. तिच्यार त्यो चार ओळी व्हयेत आणि खाली कवीचां नाव. वहीतसून बरोबर उतरून घेतंय. दगडार एकदा कोरलां काय मगे खोडूक येवचां नाय."

रिशेलने ते पान शोधलं आणि चारही ओळी मोठ्याने वाचल्या. मग खालचं नाव वाचायला तोंड उघडलं, एवढ्यात आल्बिना तिला थांबवत म्हणाली, "रव."

मला तिचा हात माझ्या पुठ्ठ्यावर जाणवला. मित्रांनो, ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. कुणाला काय कळणार होतं? कविताही सगळे विसरले होते आणि कवीही हयात नव्हता. पण दुसऱ्याच्या नावावर आपले शब्द दगडात कायमचे बसणार, आणि आपल्या शब्दांसाठी एक माणूस आयुष्यभर दुसऱ्याला हात जोडत राहणार, हे तिला सोसवेना. 'ज्याचां तेका' म्हणणारी बाई ती.

"गुरुदास, त्यो ओळी तेंच्यो न्हय," ती म्हणाली. "पान फाटलेलां हुतां. त्यो मी लिवलंय. खाली नाव चुकान पडलां."

गुरुदास हसला. थट्टा वाटली असावी. मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू विझलं.

"सुशीलाक म्हायत हुतां?"

"व्हय. मीच तिका शपथ घातलेलंय."

तो उठला. "तुझां काय नाय गो," तो म्हणाला. "तू लिवलंस तां बरां लिवलंस. पण अडतीस वर्सां माझी बायल माझ्या घरात रवली, आणि माका खोटां पत्र धाडून गप्प बसली? माझी आय गेली त्या दुःखात?"

एवढं बोलून तो गेला. चहा तसाच राहिला.

आठ दिवस तो आला नाही. दोन घरांवर राहणारा माणूस, रोज सकाळी मासे घेऊन जाताना हाक मारणारा, तो पलीकडच्या वाटेने जायला लागला. बाकाचं काम थांबलं. आल्बिना जेवताना ताट पुढे सारायची. "सुशीलाचां नाव मी खराब केलंय," असं ती रिशेलला पुन्हा पुन्हा म्हणायची. त्या दिवसांत मी टेबलावर उघडी पडून होते. इतक्या वर्षांनी उजेड मिळाला, पण मला पेटीच बरी वाटत होती.

नवव्या दिवशी गुरुदास आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं ते पत्र. घड्या पडून पडून त्याचे चार तुकडे व्हायच्या बेतात होते. चारही ओळी सगळ्यांत खालच्या भागात होत्या आणि त्यांच्या बरोबर वर एक घडी गेलेली. त्या घडीत काहीतरी लिहिलेलं होतं, पण अडतीस वर्षं दुमडून ते पुसत आलं होतं.

"माझे डोळे पोचत नाय," तो रिशेलला म्हणाला. "हंय काय लिवलेलां आसा, बघ बाय."

रिशेलने पत्र खिडकीशी नेलं. मोबाइलने फोटो काढला, तो मोठा केला, फिरवला, पुन्हा मोठा केला. आल्बिना आणि गुरुदास दोघंही तिच्या पाठीकडे बघत उभे होते. मग रिशेलने हळूच, एकेक अक्षर जोडत, एक नाव वाचलं.

ते कवीचं नाव होतं. चार ओळींच्या खाली नव्हे, वर. जिथे कवीचे शब्द संपत होते, बरोबर तिथे सुशीलाने ते लिहिलं होतं. त्याखाली बोटभर जागा सोडून मग आल्बिनाच्या चार ओळी. आणि त्या ओळींच्या खाली, उजव्या बाजूला, काहीच नाही. नुसता कोरा कागद.

"तिना खोटां लिवूक नाय," गुरुदास म्हणाला. आणि तो सत्तर वर्षांचा माणूस पत्र मागून घेऊन जमिनीवर बसला. "तेव्हा रडता रडता माका त्यो ओळीच दिसल्यो, वरचां नाव बघूक नाय. मीच घडी घातलंय. घडी घालून घालून मीच तां नाव पुसलंय, आणि आठ दिवस तिका नको नको तां बोललंय."

आल्बिना त्याच्याजवळ जाऊन बसली. दोघंही रडली. रिशेलला काय करावं सुचेना, म्हणून तिने चहा ठेवला.

चहा झाल्यावर गुरुदासने ते पत्र आल्बिनापुढे ठेवलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवून.

"ही जागा तिना तुझ्यासाठी सोडलेली," तो म्हणाला. "शपथ हुती म्हणान बोलाक नाय, पण जागा सोडल्यान. भर आता."

आल्बिनाला अक्षर दिसत नाही. रिशेलने तिचं बोट धरून कुठून सुरुवात करायची ते दाखवलं आणि आल्बिनाने आपलं नाव लिहिलं. ते वरवर चढत गेलं आणि शेवटचं अक्षर कागदाच्या कडेला टेकलं. खरं सांगू? मला थोडा हेवा वाटला. इतकी वर्षं सांभाळलं मी, आणि सही मिळाली त्या पत्राला! पण नंतर आल्बिनाने मलाही जवळ ओढलं. रिशेलकरवी तिने माझ्यावरचं खालचं निळं नाव खोडलं आणि ते वर, योग्य जागी लिहवून घेतलं. माझ्या अंगावरची ही एकुलती एक खाडाखोड. तुम्ही कधी आलात तर मी ती मुद्दाम दाखवीन.

बाक आता वाचनालयाच्या अंगणात आहे. पाटीवर सुशीला गुरुदास तांडेल यांच्या स्मरणार्थ असं आहे, त्याखाली चार ओळी आणि त्याखाली आल्बिनाचं नाव. पर्यटक तिथे बसून आइस्क्रीम खातात. कुणी वाचतात, कुणी नाही. मी रिशेलच्या कपाटात असते. ती दर महिन्याला मला उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर उघडी ठेवते आणि पानांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते. माझी स्वप्नं परत आली आहेत. वादळाचा कोपरा कसरीने खाल्ला, पण बाळ अजून त्याच्यावर झोपतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या पेट्या एकदा उघडून बघा. तिथे माझ्यासारखी कुणी असेल तर तिला रद्दीत टाकू नका. तिची धूळ झटका आणि जिने ती लिहिली तिला ती वाचून दाखवा, ती आहे तोवर. आणि तुम्हीही उतरवून घ्या, भरपूर घ्या. फक्त ज्याचे शब्द जिथे संपतात तिथेच त्याचं नाव लिहा. त्याखाली तुमचे स्वतःचे चार शब्द आले, तर लाजू नका, तुमचंही नाव लिहा. आणि उशीर करू नका. आल्बिनाने तिचं लिहिलं तेव्हा ते वाचायला सुशीला नव्हती.